मध्यरात्रीचा लाल दिवा: रिकाम्या चौकातील सिग्नलची वेळ बदलून घेण्याची रीत

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी आमच्या वसाहतीजवळच्या चौकात सिग्नलच्या पाटीवर 118 हा आकडा होता. माझ्या दुचाकीखेरीज तिथे दुधाच्या क्रेटांनी भरलेला एक टेम्पो उभा होता आणि झेब्रा पट्ट्यांवर एक कुत्रे निवांत झोपले होते. आकडा शून्यावर येईपर्यंत इतर तीन रस्त्यांना पाळीपाळीने हिरवा दिवा मिळाला आणि त्या तिन्ही हिरव्या दिव्यांतून एकही वाहन गेले नाही. टेम्पोचे इंजिन मात्र तेवढा सगळा वेळ धडधडत होते.

असा अनुभव आला की आपण चडफडतो आणि पुढे जाऊन विसरतो. पण रात्रीचा तो दोन मिनिटांचा लाल दिवा म्हणजे नियंत्रण पेटीत कोणीतरी एकदा भरून ठेवलेला एक आकडा असतो आणि तो बदलता येतो. तो बदलून घेण्यासाठी सामान्य नागरिकाने काय करावे, हे मी स्वतः केलेल्या खटपटीवरून इथे लिहीत आहे.

आधी या थांबण्यामागचे कारण समजून घ्यावे. आपल्याकडचे बरेचसे सिग्नल ठरावीक वेळेचे असतात, म्हणजे रस्त्यावर वाहन असो वा नसो, प्रत्येक बाजूला नेमून दिलेले सेकंद मिळतातच. चारही बाजूंना एकदा हिरवा दिवा मिळून फेरी पूर्ण होण्यास जो वेळ लागतो त्याला आवर्तन म्हणू. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील वेबस्टर यांनी 1958 साली आवर्तन किती असावे याचे एक सूत्र मांडले आणि ते आजही जगभर शिकवले जाते. दिवा बदलताना एका आवर्तनात जे सेकंद वाया जातात त्यांची दीडपट करून त्यात 5 मिळवायचे आणि चौकाच्या क्षमतेचा जेवढा भाग वापरला जात नाही त्याने भागायचे, असे ते सोप्या शब्दांत सांगता येईल. चार बाजूंचे मिळून 16 सेकंद वाया जात असतील, तर दीडपट 24 आणि 5 मिळून 29 येतात. संध्याकाळच्या गर्दीत चौक 80 टक्के भरलेला असेल, तर 29 भागिले 0.2 म्हणजे 145 सेकंदांचे आवर्तन योग्य ठरते. रात्री तोच चौक 30 टक्केच भरलेला असेल, तर 29 भागिले 0.7 म्हणजे जेमतेम 41 सेकंद पुरतात. त्याच चौकाला दिवसा आणि रात्री इतके वेगळे आकडे लागतात, आणि तरीही गर्दीचेच आवर्तन चोवीस तास चालू ठेवले जाते, हे रिकाम्या चौकात ताटकळण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

हे कळल्यावर सिग्नल तोडण्याचा मोह वाढतो, म्हणून इथेच स्पष्ट सांगतो की तो तोडू नये. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर आडव्या बाजूने येणारे वाहन हिरव्या दिव्याच्या भरवशावर वेगात असते. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये लाल दिवा ओलांडणे हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडते आणि पहिल्याच गुन्ह्यासाठी 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास होऊ शकतो. समोर काउंटडाउन दिसत असूनही दिवा दोन आवर्तनांत एकदाही हिरवा झाला नाही, तर तो वेळेचा प्रश्न नसून बिघाड आहे आणि त्याची तक्रार वेगळी करावी.

आता कामाला लागू. एक वही, मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि एक सोबती एवढे पुरे आहे. तीन रात्री निवडाव्यात. त्यांतली एक शनिवारची असावी, कारण शनिवारी रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते आणि तिची नोंद नसेल तर आपल्या अर्जावर पहिला आक्षेप तोच येतो. चौकातील बंद दुकानाच्या पायरीवर, दिव्याच्या उजेडात आणि रस्त्यापासून दूर बसावे. प्रत्येक तासातली सलग पंधरा मिनिटे मोजून आकडा चौपट केला तरी चालतो. वहीत बाजूवार पाच गोष्टी लिहाव्यात: हिरवा किती सेकंद, लाल किती सेकंद, किती वाहने आली, त्यांतली किती थांबली आणि किती वेळा हिरवा दिवा रिकामा गेला. पायी रस्ता ओलांडणारे आणि सिग्नल तोडणारे यांच्यासाठी एकेक जादा रकाना ठेवावा. सिग्नल तोडणाऱ्यांचा रकाना मी सुरुवातीला ठेवला नव्हता. पण पहिल्याच रात्री माझ्या लक्षात आले की अधिकाऱ्याला पटवण्यासाठी याहून भक्कम मुद्दा नाही, कारण जिथे लोक वाट पाहून कंटाळतात तिथेच ते नियम मोडायला शिकतात. वाहनांचे क्रमांक मात्र टिपू नयेत; आपल्याला कोणाला पकडून द्यायचे नाही.

नोंदींवरून सरासरी थांबा काढणे सोपे आहे. वाहने विखुरलेली येत असतील तर लाल दिव्याच्या सेकंदांचा वर्ग करून त्याला आवर्तनाच्या दुपटीने भागावे. आवर्तन 150 आणि लाल 120 सेकंदांचा असेल, तर 14,400 भागिले 300 म्हणजे प्रत्येक वाहनाचे सरासरी 48 सेकंद जातात. आवर्तन 60 आणि लाल 45 सेकंद केल्यास हीच सरासरी 17 सेकंदांवर येते. समजा, मध्यरात्री बारा ते सहा या वेळात 600 वाहने येतात. 48 सेकंदांच्या हिशेबाने सगळ्यांचे मिळून एका रात्रीत आठ तास उभे राहण्यात जातात. त्यांतली निम्मी वाहने मोटारी धरल्या आणि उभी मोटार तासाला साधारण पाऊण लिटर व दुचाकी दीडशे ते दोनशे मिलिलिटर इंधन जाळते असे मानले, तर रात्रीला साडेतीन लिटरच्या वर इंधन जाते आणि वर्षाचा आकडा तेराशे लिटरच्या घरात पोहोचतो. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तोही हिशेब जोडावा. हे अंदाज आहेत हे अर्जात प्रांजळपणे लिहावे आणि मोजलेले आकडे व गृहीत धरलेले आकडे वेगळे दाखवावेत.

नेमके मागायचे काय, हा या कामातला सर्वांत विचार करण्यासारखा भाग आहे. बहुतेक जण ‘रात्री सिग्नल बंद करा’ असे लिहितात आणि तिथेच अर्ज कमजोर होतो. पिवळा दिवा लुकलुकता ठेवला की वाहनाने वेग कमी करून सावधपणे पुढे जायचे असते. लुकलुकणारा लाल असेल तर थांबारेषेवर थांबून, रस्ता मोकळा आहे हे पाहून मगच निघायचे असते. जिथे दोन्ही रस्ते अरुंद आहेत, वेग कमी आहे आणि थांबारेषेवरून आडवा रस्ता दूरवर दिसतो, तिथे ही पद्धत चांगली चालते. पण कोपऱ्यावर भिंत, होर्डिंग किंवा उड्डाणपुलाचा खांब आड येत असेल, रस्ता सहा पदरी असेल, महामार्गाचा फाटा असेल किंवा जवळ रुग्णालय अथवा एसटी स्थानक असेल, तर ती मागू नये. अमेरिकेतील काही शहरांनी रात्रीचे लुकलुकते दिवे बंद करून पुन्हा नेहमीचे सिग्नल चालू केले आणि तिथे काटकोनात होणाऱ्या धडका कमी झाल्या, हा अनुभव डोळ्यांआड करता येत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की पहिली मागणी रात्रीच्या छोट्या आवर्तनाची असावी. त्यासाठी नवी यंत्रणा घ्यावी लागेलच असे नाही, कारण दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांसाठी वेगवेगळी वेळापत्रके साठवण्याची सोय अनेक नियंत्रण पेट्यांत आधीच असते. आवर्तन किती छोटे करता येईल हे पादचाऱ्यावर ठरते. माणूस सेकंदाला 1.2 मीटर चालतो असे धरले, तर 15 मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला साडेबारा सेकंद लागतात. काठी टेकत येणाऱ्या आजोबांना त्याहून जास्त लागतील, तेव्हा त्यांच्यासाठी दोन-चार सेकंद वाढवूनच मागणी करावी. मोठ्या चौकासाठी कॅमेऱ्याने किंवा रस्त्याखालच्या तारेच्या वेटोळ्याने वाहन ओळखून हिरवा देणारा सिग्नल हा उत्तम उपाय आहे. तिरुवनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने आपल्या मिश्र वाहतुकीसाठी अशी प्रणाली तयार केलेली आहे. मात्र त्यासाठी निविदा आणि निधी लागतो, म्हणून ती मागणी अर्जात दुसऱ्या क्रमांकावर ठेवावी.

सिग्नलच्या वेळा बहुतेक शहरांत वाहतूक पोलीस ठरवतात आणि खांब, दिवे व पेटी महापालिकेकडे असते. त्यामुळे एकाच अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, एक वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना आणि दुसरी महापालिकेच्या संबंधित विभागाला द्यावी, आणि प्रत्येकीवर दुसरीचा उल्लेख करावा. मजकूर एका पानात बसावा. नमुना असा:

‘महोदय, अमुक चौकातील सिग्नलचे आवर्तन रात्री 12 ते पहाटे 6 या वेळातही 150 सेकंदांचे आहे. सोबत जोडलेल्या तीन रात्रींच्या नोंदींनुसार या वेळात तासाला सरासरी इतकी वाहने येतात, प्रत्येकी सरासरी इतके सेकंद थांबतात आणि शंभरपैकी इतके हिरवे दिवे रिकामे जातात. याच वेळात इतक्या वाहनांनी सिग्नल तोडल्याचे आढळले. तरी या वेळेसाठी सुमारे 60 ते 70 सेकंदांचे स्वतंत्र आवर्तन प्रायोगिक तत्त्वावर एक महिना ठेवावे आणि पादचाऱ्यांना पुरेसा वेळ राहील असे पाहावे, ही विनंती.’

‘प्रायोगिक तत्त्वावर’ हे शब्द गाळू नयेत. कायमचा निर्णय घेण्यास कचरणारा अधिकारी महिनाभराच्या प्रयोगाला सहसा तयार होतो. रिक्षा थांबा, दूधवाले, वृत्तपत्र विक्रेते आणि रात्रपाळीचे कामगार यांच्या सह्या घ्याव्यात, कारण हा त्रास रोज तेच सोसतात. पोच घेऊन आवक क्रमांक टिपून ठेवावा. माझा पहिला अर्ज दोन कार्यालयांमध्ये फिरत राहिला आणि तीन महिन्यांनी ‘आपल्या अखत्यारीत नाही’ अशा शेऱ्यासह परत आला. त्यानंतर मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तीनच गोष्टी विचाराव्यात: या चौकाची सध्याची वेळापत्रके, ती शेवटची कधी बदलली आणि बदलण्याचा अधिकार कोणत्या पदाला आहे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते, आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती आले की टोलवाटोलवी संपते.

दरम्यान थांबणे अटळ आहे, ते कमी खर्चाचे करता येते. दहा सेकंदांहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करणे परवडते. घाईत चूक होऊ नये म्हणून मी वीस सेकंदांची मर्यादा पाळतो आणि आकडा पाचवर आला की पुन्हा चालू करतो. दिल्ली सरकारने 2020 मध्ये लाल दिव्यावर गाडी बंद ठेवण्याची मोहीम काढली होती, ती याच हिशेबावर. रात्री मात्र एक काळजी घ्यावी. एप्रिल 2017 पासूनच्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि अनेक गाड्यांत इंजिनाबरोबरच विझतो; किल्ली फिरवली तर मागचा लाल दिवाही जातो आणि आपण अंधारात अदृश्य होतो. इंजिन बंद करण्याचे लाल बटण दाबल्यावर मागचा दिवा चालू राहतो का, हे आपल्या गाडीपुरते घराखालीच तपासून पाहावे. राहत नसेल तर रात्री इंजिन चालूच ठेवावे. दोन थेंब पेट्रोलपेक्षा मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसणे महत्त्वाचे आहे. लांबून लाल दिवा दिसला की ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्येच हळू येऊ द्यावी. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात त्या वेळी इंधनपुरवठा जवळजवळ थांबतो आणि चौकात पोहोचेपर्यंत दिवा हिरवा झालेलाही असतो.

वेळ बदलली की काम संपत नाही. त्याच तीन वारी, त्याच पायरीवर बसून, त्याच रकान्यांत पुन्हा मोजणी करावी. आमच्या चौकात आवर्तन 150 वरून 70 सेकंदांवर आल्यावर सिग्नल तोडणाऱ्यांचा रकाना बराच रिकामा राहिला. पण एका बाजूने ओलांडणाऱ्या सफाई कामगार महिलांना कचऱ्याची ढकलगाडी घेऊन पलीकडे जायला हिरवा दिवा अपुरा पडतो, हेही त्याच रात्री दिसले. ती नोंद आभाराच्या पत्राबरोबरच पाठवली आणि त्या बाजूला पाच सेकंद वाढवून मिळाले.