सह्याद्री व्हीआरमध्ये पाहायचाय? आधी मापं जुळवा

हरिश्चंद्रगडाचा परिसर व्हीआर हेडसेटमध्ये उभा करायला एसआरटीएमचा (अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीचा) दर ३० मीटरला एक उंची देणारा डेटा मोफत मिळतो. तो आधी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीत बदलून घ्या. मूळ डेटात आडवी मापं अंशांत आणि उंची मीटरमध्ये असते. तसाच पुढे नेलात तर डोंगरांचे भाले होतात. पडद्यावरच्या नकाशात उंची दीडपट-दुप्पट ताणतात, पण हेडसेटमध्ये ती आहे तेवढीच ठेवा. तिथे खोली डोळ्यांना थेट जाणवते, ताणलेला उतार फसवतो. कोकणकड्याची आत वळलेली भिंत मात्र यात दिसणारच नाही, कारण या डेटात जमिनीच्या प्रत्येक चौकटीला एकच उंची असते. त्यासाठी ड्रोनच्या फोटोंवरून केलेलं मॉडेल लागेल. हा अभयारण्याचा भाग आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी काढा.