गट पाडलेत ना? आता तीन मिनिटं तोंड बंद ठेवा

कोल्हापूर परिसरातल्या एखाद्या कॉलेजात इंग्रजीच्या तासाला नव्याने उभे राहणार असाल, बहुतेक सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, आणि बहुतेक बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला, तर विद्यार्थिकेंद्री अध्यापन वगैरे सेट-नेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षांच्या तयारीत पाठ झालंच असेल. ते परत उगाळत नाही. खरी पंचाईत साठ पोरं आणि ४८ मिनिटं समोर आली की सुरू होते.

आधी हिशेब मांडा. साठ जणांना एकेक करून बोलायला उठवलं तर एकाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. चौघांचे पंधरा गट केले तर १२ मिनिटांत प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. बाक जमिनीला ठोकलेले असले तरी पुढच्या दोघांनी मागे तोंड केलं की चौघं जमतात. पाचवा घेऊ नका, तो मोबाईल काढतो. पहिल्या महिन्यात मुलं-मुली मुद्दाम मिसळायच्या भानगडीतही पडू नका. तोंड उघडणं हेच तेव्हा पुरेसं अवघड असतं.

विषय, वेळ, कोण कुणासोबत बसणार आणि शेवटी कागदावर काय यायला हवं, हे तुम्ही ठरवायचं. उत्तर काय, कुठल्या शब्दांत, आधी कोण बोलणार, ते त्यांचं. तालमीत जोड वस्ताद लावतो. हातात हात मिळाले की डाव पोरालाच सुचावा लागतो.

‘मोबाईलचे फायदे-तोटे’ असला विषय मात्र देऊ नका, त्याचं उत्तर दहावीपासून पाठ आहे. असं काही द्या: पाहुणा सकाळी ९ ला सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरणार, संध्याकाळी ६ ला परत जाणार. अंबाबाईचं देऊळ, न्यू पॅलेस, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा यातली तीन ठिकाणं निवडा, क्रम लावा, गाळलेल्या दोन्हींची कारणं लिहा. सोबत पाहुण्याची आई आहे आणि तिचे गुडघे दुखतात. गुडघे नसतील तर यादी दोन मिनिटांत होते आणि पोरं बसतात हाताची घडी घालून. गुडघे आले की जोतिबाच्या पायऱ्या आठवतात, पन्हाळ्याचे वीसेक किलोमीटर मोजले जातात, भांडण लागतं. फळ्यावर तीन सुरुवाती लिहून ठेवा: ‘आय वुड राथर’, ‘व्हॉट इफ वुई’, ‘दॅट वोन्ट वर्क बिकॉज’. बास. पूर्ण वाक्यं लिहिलीत तर तीच वाचून दाखवतील.

आता तो खड्डा, ज्यात जवळजवळ प्रत्येक नवा शिक्षक पडतो. गट पडले, ‘स्टार्ट’ म्हणून झालं, आणि वर्ग चिडीचूप. पहिली तीन मिनिटं फार वाईट असतात. कुणी पेनाचं टोपण काढतंय-लावतंय, कुणी तुमच्याकडेच बघतंय. तुम्हाला वाटतं, सूचना कळली नाही. तुम्ही परत समजावता, मग एक उदाहरण देता, मग ‘फॉर एक्झाम्पल, पन्हाळा इज फार’ म्हणून अर्धं उत्तर देऊन मोकळे होता. झालं! बारा वर्षं वर्गात बसून त्यांना एक गोष्ट पक्की कळलेली असते की थांबलं की सर सांगतातच. तुम्ही त्यावर शिक्का मारलात. पुढच्या तासाला तीनऐवजी पाच मिनिटं थांबतील, कारण थांबणं फायद्याचं आहे. अशी दोन-तीन गटकामं वाया गेली की ‘आमच्या पोरांना हे जमत नाही’ असं स्टाफरूममध्ये तुम्हीच म्हणायला लागता. पोरांचा यात काही दोष नसतो.

ती शांतता आळसाची नसते. मराठीत मुद्दा तयार असतो, इंग्रजी शब्द सापडत नसतो. म्हणून ही तीन मिनिटं उघडपणे मराठीला द्या, घड्याळ लावून. चौथ्या मिनिटापासून इंग्रजी, मोडकं चालेल. या वेळात बाकांमधून फिरू नका, तुम्ही जवळ गेलात की गट गप्प होतो. दाराजवळ उभे राहून वहीत काहीतरी लिहा. हात शिवशिवतील, अजूनही शिवशिवतात, पण राहा उभे. चौथ्या मिनिटाला एखाद्या कोपऱ्यातून ‘नो नो, नीज!’ (म्हणजे तेच गुडघे) ऐकू येतं आणि मग वर्ग पेटतो.

गटातल्या प्रत्येकाला १ ते ४ नंबर द्या, पण कुठल्या नंबराने बोलायचं ते चर्चा संपल्यावरच जाहीर करा. आधी सांगितलंत तर बाकीचे तिघं सुटले म्हणून समजा.

चुका मध्येच पकडू नका. ‘डिस्कस अबाउट’, ‘आय ॲम अग्री’, ‘शी डोन्ट लाइक’ अशी ऐकलेली पाच वाक्यं शेवटच्या दहा मिनिटांत बिननावाने फळ्यावर लिहा आणि दुरुस्तीही त्यांनाच करू द्या. सगळ्या चुका काढायचा मोह आवरा, पाचच.

गट जमलेच नाहीत तर खचू नका. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंचा १९७९ ते १९८४ चा, कामं सोडवता सोडवता इंग्रजी शिकवणारा बंगळुरू प्रकल्प बघा. तिथे गटकामावर भर नव्हताच. पोरं एकमेकांच्या चुका पक्क्या करतील अशी प्रभूंना धास्ती होती. शिक्षक आधी वर्गासोबत एक काम सोडवायचा, मग तसंच दुसरं प्रत्येकाने आपापलं सोडवायचं. वर्ग बराचसा शिक्षकाच्या हातात, डोकं मात्र ज्याचं त्याने चालवायचं. दंगा चालला म्हणजेच स्वायत्तता, असं कुठे आहे?

‘आधी सिलॅबस संपवा, मग प्रयोग करा’ असं सांगणारे वरिष्ठ भेटतील. त्यांचं ऐकून घ्या, चहा प्या, पण सल्ला त्याला विचारा जो तुम्हाला स्वतःच्या वर्गात मागच्या बाकावर बसू देतो. पीपीटी आणि तयार नोट्सचं म्हणाल तर त्या तुमची मेहनत वाचवतात, पोरांची वाचा नाही फोडत. असाइनमेंटला विषय त्यांना निवडू द्या, मात्र प्रत्येकाला दोन मिनिटं समोर बसवून त्यातलाच एक परिच्छेद तोंडी समजावायला सांगा. गाईडमधून किंवा चॅटजीपीटीवरून उतरवलेलं पहिल्या तीस सेकंदांत कळतं.

गटकाम शेवटच्या तासाला ठेवू नका. कागल, मुरगूड, राधानगरीकडची पोरं एसटीच्या वेळेवर डोळा ठेवून असतात. तेव्हा फार तर शब्दसंग्रह घ्या. आणि पहिल्यांदा करताना शेजारच्या वर्गातल्या शिक्षकांना सकाळीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन रंगात आलं असताना शिपाई दारात येऊन म्हणतो, ‘सर, प्राचार्यांनी विचारलंय, वर्गात कुणी आहे का?’