३०५ मिमी रशियन आरमारी तोफेचं बॅरल लेथवर कसं काढायचं

सळई चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायच्या आधी एक गोष्ट ठरवा. तोफ कुठल्या सालची बनवताय?

हा प्रश्न मी माझ्या पहिल्या मॉडेलच्या वेळी विचारला नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी ३१ वर्षं टूलरूममध्ये टर्नर होतो. ड्रॉइंग हातात असलं की बाकी काही विचारायची सवय नव्हती. बॅरल छान निघालं. त्याला एकट्या तोफेचा स्टँड लावला आणि खाली पितळेच्या पट्टीवर '१९१७' कोरलं. उपवनला फिरायला येणाऱ्या एका निवृत्त नौसैनिकाला ते दाखवलं. त्यांनी बराच वेळ हातात धरून पाहिलं आणि म्हणाले, "काम अव्वल आहे, पण १९१७ मध्ये ही तोफ एकटी नव्हती. तीन बॅरलच्या टरेटमध्ये, म्हणजे जहाजावरच्या फिरत्या चिलखती घरात, बसलेली होती." त्या रात्री मी पट्टी काढून ठेवली आणि आधी तोफेचा प्रवास वाचायला घेतला. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. आधी हिशोब सांगतो, मग प्रवास, मग लेथ.

या तोफेचं नाव ३०५ मिमी, ५२ कॅलिबर, १९०७ सालचा नमुना. ती सेंट पीटर्सबर्गच्या ओबुखोव्ह कारखान्यात बनली. '५२ कॅलिबर' म्हणजे बॅरलची लांबी तोंडाच्या व्यासाच्या ५२ पट. व्यास नेमका ३०४.८ मिमी, म्हणजे १२ इंच. गुणाकार केला की १५,८४९.६ मिमी येतात, जवळजवळ १५ मीटर ८५ सेंटिमीटर. १:१०० प्रमाण घेतलं तर मॉडेल १५८.५ मिमी लांब आणि भोक ३.०५ मिमी. ३ मिमीचं ड्रिल प्रत्येकाकडे असतं, म्हणून मी हेच प्रमाण सांगतो. शिवाय एवढा जॉब (कापायचा तुकडा) घरच्या छोट्या लेथवरही आरामात बसतो.

बॅरल एका सळईतून कोरलेलं नव्हतं. आतली नळी, तिच्यावर गरम करून चढवलेली दुसरी नळी, तिच्यावर आणखी कडी. थंड होताना बाहेरचं लोखंड आतल्याला आवळतं, आणि बार उडाला की आतून येणारा दाब तो आवळच पेलतो. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापवलेली धाव चढवतो आणि वर पाणी ओततो, तेच काम इथे १५ मीटर लांबीवर केलेलं होतं. टर्नरला यातून एक गोष्ट कळायला हवी: बाहेरचा आकार एकच सलग टेपर (निमुळता उतार) नाही. तो टप्प्याटप्प्याने उतरतो, आणि हे टप्पे दिसले नाहीत तर ती तोफ न वाटता सायकलच्या पंपाची नळी वाटते.

आता प्रवास. मी जे बॅरल करतो ते 'इंपेराटर अलेक्सांद्र तिसरा' या युद्धनौकेवरचं आहे. काळ्या समुद्राजवळच्या निकोलायेव्हमध्ये ती १९१४ मध्ये पाण्यात उतरली आणि १९१७ मध्ये पूर्ण झाली. तिच्यावर अशा १२ तोफा होत्या, चार टरेटमध्ये तीन-तीन, चारही टरेट एकाच पातळीवर. झार गेला तसं नौकेचं नाव 'व्होल्या' झालं. १९१८ मध्ये ती जर्मनांच्या ताब्यात गेली, मग ब्रिटिशांच्या, आणि १९१९ मध्ये बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या पांढऱ्या सैन्याला मिळाली. तेव्हा नाव झालं 'जनरल अलेक्सेयेव'. १९२० मध्ये पांढऱ्या सैन्याचा सेनापती व्रांगेल याच्या आरमाराबरोबर ती ट्युनिशियातल्या बिझर्तला पोहोचली. तिथून परत आली नाही. १९३० च्या दशकात तिचं भंगार झालं, पण तोफा बिझर्तमध्ये सांभाळून ठेवल्या गेल्या.

बहुतेक जण इथे थांबतात, आणि खरी गोष्ट इथूनच सुरू होते. १९३९ च्या नोव्हेंबरात रशियाने फिनलंडवर हल्ला केला. फ्रान्सने मदत म्हणून या १२ तोफा फिनलंडला देऊ केल्या आणि जहाजांतून पाठवल्या. आठ पोहोचल्या. उरलेल्या चार 'नीना' नावाच्या जहाजावर होत्या. एप्रिल १९४० मध्ये जर्मनांनी नॉर्वे घेतलं तेव्हा ते जहाज बर्गन बंदरात सापडलं. त्या चार तोफा क्रुप या जर्मन कंपनीच्या कारखान्यात दुरुस्त होऊन इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटावर बसल्या. तिथल्या तोफखान्याला आधी जहाजावरून 'नीना' म्हणत, पुढे 'मीरुस' हे नाव पडलं. काँक्रीटच्या गोल खड्ड्यात एकेकटी तोफ, वर चिलखती घर, आणि एका तोफेच्या घरावर चक्क खिडक्या-दारं रंगवून ती साधी कॉटेज वाटेल अशी सोय. युद्धानंतर या चारही भंगारात गेल्या.

फिनलंडला पोहोचलेल्या आठांपैकी तीन बॅरलचं जे झालं ते मला सगळ्यात आवडतं. फिनलंडमधल्या हांको या रशियन तळावर तीन रेल्वेवरच्या तोफा होत्या, टीएम-३-१२. १९४१ च्या डिसेंबरात तिथून माघार घेताना त्यांनी स्वतःच्या तोफा निकामी केल्या. फिनलंडने त्यांच्यावर अलेक्सेयेवची बॅरल चढवून त्या पुन्हा उभ्या केल्या. १९४४ च्या तहानंतर त्या रशियाला परत द्याव्या लागल्या. म्हणजे ओबुखोव्हमधून निघालेलं बॅरल काळा समुद्र, आफ्रिका आणि फिनलंड करून रशियात परतलं. आज त्या तीन तोफा क्रास्नाया गोर्का किल्ल्यावर, सेंट पीटर्सबर्गच्या रेल्वे संग्रहालयात आणि मॉस्कोत पोक्लोन्नाया टेकडीवर उभ्या आहेत. पहिल्यांदा करणाऱ्याने हीच निवडावी असं माझं मत. एकच बॅरल करावं लागतं, ते पूर्ण दिसतं आणि फोटो भरपूर मिळतात. १९१७ चं टरेट करायचं तर तीन बॅरल अगदी सारखी लागतात आणि त्यांचा मागचा भाग आतच राहतो.

मोजमाप फोटोवरून असं घ्या. आधी तोंडाचा समोरून काढलेला फोटो शोधा. भोक ३०५ आहे हे आपल्याला माहीत आहे, त्यावरून तोंडाचा बाहेरचा व्यास त्रैराशिकाने निघतो. तो आकडा घेऊन बाजूच्या फोटोकडे जा आणि प्रत्येक टप्प्याचा व्यास व लांबी काढा. बाजूचा फोटो लांबून काढलेला असावा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचं टोक मोठं आणि मागचं लहान दिसतं, मग सगळा टेपर चुकतो. तोंडाशी फुगवटा आहे की नाही ते दोन-तीन फोटोंत ताडून पाहा. माझ्या भाचीचा मुलगा मला फोटो काढून देतो. स्क्रीनवर मोजायला तो पटाईत, पण आकडे वहीत मीच उतरवतो.

सळई पितळेची घ्या, १४ मिमी, लांबी साधारण १८५. वागळे इस्टेटमध्ये धातू विकणारी दुकानं तुकडेही देतात, पूर्ण बार घ्यायची गरज नाही. घेताना काचेवर लोळवून पाहा. वाकडी असेल तर ठेवून द्या.

पितळ कापताना टूलचा वरचा पृष्ठभाग सपाट हवा. स्टीलसाठी घासलेलं टूल पितळात ओढलं जातं आणि जॉब खराब होतो. ड्रिलच्या धारेलाही पुढून थोडा सपाट घास द्या. एचएसएसचं (हाय-स्पीड स्टीलचं) टूल, टोकाची गोलाई अगदी कमी, तेल नको.

क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही टोकं फेस करा (सपाट कापून घ्या). तोंडाच्या बाजूला ८ मिमी आणि मागे १५ मिमी जास्तीची लांबी ठेवा. तोंडाच्या बाजूने सेंटर ड्रिल (मध्यावर शंकूसारखा खळगा पाडणारं), मग लगेच ३ मिमीचं भोक, जास्तीचे ८ अधिक आत १५ मिमी. शेवटी ते ८ मिमी कापून टाकायचे आहेत. सेंटरचा शंकू त्यात जातो आणि मागे कडा धारदार असलेलं, बरोबर मध्यावर बसलेलं भोक उरतं. मी पहिल्या वेळी भोक शेवटी पाडलं आणि ते एका बाजूला सरकलं. तोफेत नजर पहिल्यांदा तोंडावरच जाते.

मागच्या टोकालाही सेंटर मारा आणि जॉब दोन सेंटरमध्ये (टोकदार खुंट्यांमध्ये) डॉग (जॉब फिरवणारी पकड) लावून धरा. लांब टेपरसाठी टेलस्टॉक (लेथचं उजवं, जॉबचं टोक टेकवायचं डोकं) सरकवावा लागतो, आणि चकमध्ये घट्ट धरलेला जॉब तसा वळत नाही. किती सरकवायचा? मोठा व्यास वजा लहान व्यास, भागिले दोन, गुणिले पूर्ण जॉबची लांबी, भागिले टेपरची लांबी. समजा ९ वरून ६ मिमीवर ९० मिमी लांबीत यायचं आहे आणि जॉब १८२ मिमी आहे: दीड गुणिले १८२ भागिले ९०, म्हणजे सुमारे ३ मिमी. तोंड टेलस्टॉकच्या बाजूला असेल तर टेलस्टॉक आपल्याकडे सरकवा. हे आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी आहेत, तुमचे तुमच्या वहीतले घ्या. छोटे टप्पे मात्र टेलस्टॉक पुन्हा शून्यावर आणून, डायल गेज लावून तपासून, कंपाउंड स्लाइडवर (कोनात वळवता येणाऱ्या छोट्या सरकत्या भागावर) करा.

पास ०.२ मिमीपेक्षा खोल घेऊ नका. शेवटचे दोन ०.०५ चे. चॅटर (टूलची थरथर) आला तर वेग कमी करा आणि टूलची बाहेर आलेली लांबी घटवा. टप्प्याच्या कडा फाइलने गोल करू नका. मी लेथ बाल्कनीत बसवला आहे. दुपारी दोन ते चार तो बंदच असतो, कारण खालच्या मजल्यावर तान्हं मूल आहे. ते दोन तास मोजमाप पुन्हा तपासायला चांगले असतात, आणि माझ्या बऱ्याच चुका त्याच वेळेत सापडल्या आहेत.

सगळे टप्पे झाले की तोंडाचे ८ मिमी पार्टिंग टूलने कापा, शेवटचा मिलिमीटर बारीक हॅकसॉने. नंतर मागचे १५ मिमी. पॉलिश करू नका. आधी प्राइमर, मग रंगाचे पातळ हात. जाड थराने टप्पे बुजतात.

माझ्या पहिल्या मॉडेलला आता रेल्वेचा स्टँड आहे. पट्टीवर मी नव्याने कोरलं: '३०५/५२, ओबुखोव्ह. निकोलायेव्ह, बिझर्त, हांको, क्रास्नाया गोर्का.' साल घातलं नाही. तुम्ही टरेट केलंत तर १९१७ घाला. गर्न्सीची तोफ केलीत, तर कॉटेजच्या खिडक्या रंगवायला विसरू नका.