पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात? या चुका टाळा

आमचे अण्णा मंडईत जाताना वाटेत दोनदा थांबायचे. पोटरीत गोळा यायचा, दोन मिनिटं उभं राहिलं की जायचा आणि तेवढंच अंतर चाललं की पुन्हा यायचा. आम्ही वर्षभर ‘वयाचं दुखणं’ म्हणत बाम चोळत बसलो. मणक्याच्या दुखण्यात बरेचदा बसावं किंवा वाकावं लागतं. पायाला रक्त कमी पडत असेल, तर नुसतं उभं राहिलं तरी कळ थांबते. एवढा फरक तेव्हा ठाऊक असता तर!

तपासणी सोपी आहे. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचं. उत्तर 0.9 किंवा त्याहून कमी आलं, तर धमन्या अरुंद झाल्या असं समजतात. मात्र जुन्या मधुमेहात धमन्या कडक होतात आणि आकडा फसवा येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजून घ्या किंवा डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या.

दुखतं म्हणून चालणं सोडणं, ही आमची दुसरी चूक. डॉक्टरांनी उलटंच सांगितलं: कळ चांगली वाढेपर्यंत चाला, थांबा, शमली की पुन्हा चाला. अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा, निदान 12 आठवडे. पहिला महिना अण्णा कुरकुरले, पण तिसऱ्या महिन्यात एकदाच थांबून मंडई गाठली. पायाला जखम असेल किंवा बसल्या जागीही दुखत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

शेजाऱ्यांच्या फुगलेल्या शिरांना घट्ट मोजे लागू पडले, म्हणून तुम्ही घालू नका. तो आजार वेगळा. इथे आधीच कमी असलेलं रक्त आणखी अडतं. सुन्न पाय गरम पाण्यात बुडवणं, कुरूप ब्लेडने कापणं हेही नको, कारण जखम भरायला रक्तच पुरत नाही. विडी-सिगारेट पूर्ण बंद, मिश्रीही. कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून स्टॅटिनची गोळी परस्पर थांबवू नका. ती हृदयासाठी आणि मेंदूसाठीही असते.

रात्री पाय दुखून झोप मोडते आणि खाटेखाली सोडला की बरं वाटतं? मग त्याच आठवड्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनना गाठा. आणि पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला तर सकाळची वाट पाहू नका. काही तासांतच पाय गमवावा लागू शकतो, तडक मोठ्या रुग्णालयात न्या.