पुढचा फोन कोणी करायचा? ऑफिसातल्या इंग्रजीसाठी

द्राक्षांचा सीझन सुरू झाला की पिंपळगाव बसवंतच्या आमच्या पॅकहाउसच्या, म्हणजे परदेशी जाणारी द्राक्षं पॅक होतात तिथल्या, ऑफिसात नव्या मुली येतात. बी.कॉम. झालेल्या, टायपिंगला चपळ, आणि नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमहून फोन आला की एकमेकींकडे बघणाऱ्या. त्यांना मी व्याकरण शिकवत बसत नाही. एकच प्रश्न मनात ठेवायला सांगते: हे वाक्य बोलल्यावर पुढची पाळी कोणाची?

'आय विल गेट बॅक टू यू' म्हणालात की पाळी तुमची. तो माणूस आता वाट बघणार. म्हणून लगेच वेळ जोडा: 'बाय फोर'. इथे 'टिल फोर' म्हणू नका. मराठीत 'चारपर्यंत कळवते' आणि 'चारपर्यंत ऑफिसात आहे', दोन्हीकडे 'पर्यंत'च असतं. इंग्रजीत कळवण्याला 'बाय' लागतो, थांबण्याला 'टिल'. शिवाय चार म्हणजे कोणाचे चार? हिवाळ्यात नेदरलँड्स आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. आपल्याकडे दुपारचा दीड, तेव्हा तिथे सकाळचे नऊ. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळं पुढे करतात आणि फरक साडेतीन तासांवर येतो, तोही नेमका आपल्या घाईच्या दिवसांत. 'फोर ओक्लॉक युअर टाइम' एवढं म्हटलं की घोळ मिटला.

'फॉलो अप'मध्ये पाळी समोरच्याची होती आणि त्याने ती सोडली, असा अर्थ येतो. 'आय अ‍ॅम फॉलोइंग अप ऑन माय मेल ऑफ ट्यूजडे.' सभ्य आहे, पण टोक आहेच. पहिल्या आठवणीला मी 'जस्ट चेकिंग इन' वापरते, दुसरीला 'फॉलोइंग अप', आणि तिसऱ्यांदा सरळ फोन. आपल्या सरकारी पत्रांतलं 'काइंडली रिव्हर्ट' मात्र बाहेर पाठवू नका. तिकडे 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. 'प्लीज रिप्लाय' पुरतं.

आणि 'लेट्स कीप इन टच'? पाळी कोणाचीच नाही. हे निरोपाचं वाक्य आहे, त्याच्या भरवशावर कंटेनर बुक करू नये.

फोन बंद पडला की आपण एकच म्हणतो, कट झाला. इंग्रजीत इथे जरा सांभाळा. 'यू हंग अप' म्हणजे तुम्ही मुद्दाम फोन ठेवलात. ऐकणाऱ्याला तो आरोप वाटतो. लाइन गेली असेल तर 'वी गॉट कट ऑफ', म्हणजे दोष कोणाचाच नाही. आवाज तुटत असेल तर 'यू आर ब्रेकिंग अप'. फोन लागतच नसेल तर 'आय कुडन्ट गेट थ्रू'. साहेबांकडे जोडून द्यायचा असेल तर 'आय विल पुट यू थ्रू', आणि तोवर 'होल्ड ऑन, प्लीज'. नुसतं 'वेट' म्हटलं की दारातून हाकलल्यासारखं वाटतं.

सगळ्यात जास्त घोटाळा आपला 'ला' करतो. त्याला फोन कर, त्याला विचार, त्याला सांग, त्याला समजाव. मराठीत सगळीकडे 'ला', म्हणून मुली सगळीकडे 'टू' लावतात, नाहीतर कुठेच लावत नाहीत. 'कॉल हिम', 'आस्क हिम', 'टेल हिम', 'कॉन्टॅक्ट हिम' यांत 'टू' नाही. 'रिप्लाय टू हिम', 'एक्स्प्लेन टू हिम', 'टॉक टू हिम', 'लिसन टू हिम' यांत हवाच. याला युक्ती नाही. दोन रांगा कागदावर लिहा आणि फोनशेजारी चिकटवा. मेलच्या शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' लिहिताना त्यातलं 'हिअरिंग' 'हिअर' करू नका, हेही त्याच कागदावर.

घरच्या माणसांसाठीचे शब्द वेगळे, आणि मला ते जास्त आवडतात. कॉलेजच्या मैत्रिणीशी आपोआप बोलणं सुटलं तर 'वी लॉस्ट टच'. भांडून सुटलं तर 'वी फेल आउट'. आपला अबोला, म्हणजे एका घरात राहून न बोलणं, 'वी आर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स'. पुन्हा भेटून कॉलेज रोडला कॉफी घेत गप्पा मारल्या तर 'वी कॉट अप'. निळ्या टिका दिसूनही उत्तर नाही, तर 'शी लेफ्ट मी ऑन रेड' (हा 'रेड' म्हणजे 'वाचलेलं', स्पेलिंग 'read'). हा शब्द मला माझ्या पुतणीने दिला, आणि नंतर तीच तसं वागते. 'ड्रॉप मी अ लाइन' म्हटलं तर फोन करायचा नसतो, चार ओळी लिहायच्या. ती 'लाइन' कागदावरची.

शेवटची गोष्ट फोनवर स्पेलिंग सांगण्याची, कारण 'एम' आणि 'एन' तिकडे सारखेच ऐकू येतात. वैमानिक प्रत्येक अक्षरासाठी एक ठरलेला शब्द वापरतात, तेच शब्द घ्या. नाशिक म्हणजे नोव्हेंबर, अल्फा, सिएरा, हॉटेल, इंडिया, किलो. 'हॉटेल' गाळू नका. जुन्या कागदांवर गावाचं नाव 'एच'शिवाय असतं, आणि एकाच कन्साइनमेंटच्या दोन कागदांवर दोन स्पेलिंगं गेली तर दुसऱ्या दिवशी खुलाशाचा मेल तुम्हालाच लिहावा लागतो.