हॉररची पहिली तीन मिनिटं कशी बांधायची: गंगावेशची म्हैस आणि एक बंद दार

हॉरर शॉर्टफिल्म करायची म्हटलं की आपल्याकडची पोरं आधी पडका वाडा, पांढरी साडी आणि धुराचं मशीन शोधतात आणि पहिल्याच मिनिटाला भूत दाखवून मोकळी होतात. मग पुढं बघणाऱ्यानं घाबरायचं कशाला, जे बघायचं ते बघून झालं की. सुरुवातीनं फक्त एक प्रश्न डोक्यात सोडायचा आणि उत्तर दाबून ठेवायचं, बास.

आपल्याच कोल्हापुरातलं उदाहरण घेऊ. गंगावेशात कट्ट्यावर समोर धार काढून दुधाचा ग्लास हातात देतात, हे आपण लहानपणापासून बघतोय. आता जुलैतला पाऊस, लाईट गेलेली, म्हैस रोजच्या बोळातून कट्ट्याकडं निघालीय, गळ्यातली घंटा वाजतेय आणि मालक मागं फोनवर कुणाच्या तरी लग्नाचं बोलत चाललाय. एका बंद दारापुढं म्हैस थांबते. तो हाकतो, शेपूट पिरगाळतो, ती हलत नाही. शेवटी तो फोन ठेवतो, दाराकडं बघतो आणि काही न बोलता म्हैस वळवून लांबच्या रस्त्यानं नेतो.

दार उघडायचं नाही! मालकाला काहीतरी ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, सगळी भीती तिथंच आहे. पण हे चालायचं तर आधीचं रोजचं चालणं नीट दाखवायला पाहिजे, निदान एक मिनिट, कंटाळा येईल असं वाटलं तरी, कारण नेहमीचं काय हे माहीतच नसलं तर बिघडलं काय हे कळणार कसं.

१९६४ च्या 'वह कौन थी' ची सुरुवात परत बघा. पावसाची रात्र, डॉक्टरची गाडी, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई, हे सगळ्यांना आठवतं, पण मला विचाराल तर खरा काटा येतो तो वायपर बंद पडल्यावर, ह्याला पुढचं काही दिसत नाही आणि ती मात्र रस्ता सांगत असते. एवढीशी गोष्ट. 'जॉज' मध्ये (१९७५) पहिल्या हल्ल्यात शार्क दिसतच नाही, पाण्यात ओढली जाणारी पोरगी तेवढी दिसते.

कॅमेरा कुठं ठेवायचा ह्याचा विचार आधी करा. बोळातून म्हशीबरोबर चाललात तर आपण मालकाच्या बाजूचे. एकच शॉट दाराच्या फटीतून आतून बाहेर घेतलात की आत कोणीतरी आहे हे न सांगता कळलं. 'हॅलोवीन' (१९७८) सुरुवातीला मारणाऱ्याच्याच डोळ्यांनी दाखवतो, आणि त्या सीनच्या शेवटी मुखवटा निघतो तेव्हा तो सहा वर्षांचा पोरगा असतो. फटीतला शॉट मात्र एकदाच, दुसऱ्यांदा घेतला की त्यातला जीव गेला.

आवाजावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, खरंच. घंटा, पाऊस, पत्र्यावरचं पाणी वेगवेगळं रेकॉर्ड करा, शिवाय त्या बोळातली नुसती शांतता अर्धा मिनिट घ्या, एडिटला लागतेच. म्हैस थांबली की घंटा थांबते, तिथं म्युझिक टाकू नका, हात जोडून सांगतो. उलट पाऊसही जरा खाली आणा, बघणारा आपोआप पुढं वाकतो.

मोबाईलवर शूट करत असाल तर सेकंदाला २४ फ्रेम आणि शटर स्पीड १/५० सेकंद ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळं घरातली ट्यूबलाईट फ्रेममध्ये आली तरी सहसा फ्लिकर, म्हणजे उजेडाची लुकलुक, होत नाही. अंधार आहे म्हणून आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, वाढवत बसू नका, चित्रात दाणे येतात. लांब एक बल्ब लावा आणि ओल्या फरशीवर त्याचा उजेड पडू द्या, पावसाळ्यात हे फुकट मिळतं.

टायटल मालक वळून गेल्यावर लगेच टाकू नका. रिकामा बोळ आणि ते दार दहा सेकंद तसंच धरा, लांब गेलेली घंटा ऐकू येतेय तोवर, आणि ती ऐकू यायची बंद झाली की मग काळा स्क्रीन.