गोचीड कुत्र्यावर कमी, घरात जास्त: मुंबईच्या फ्लॅटमधून ती घालवायची कशी

पाऊस सुरू झाला की कुत्रं पाळणाऱ्यांचं एकच रडगाणं, अंघोळ घातली, पावडर मारली, गोळीसुद्धा दिली, तरी गोचिडी येतात कुठून? तुमच्याच घरातून येतात. सोफ्याच्या मागून, दाराच्या चौकटीतून, सीलिंगच्या कोपऱ्यातून. आणि आपण बिचाऱ्या कुत्र्याला घासत बसतो.

शहरातल्या कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड दिसते ना, ती ऱ्हिपिसेफॅलस गटातली, आणि तिला घरात राहायला आवडतं. ती आयुष्यभर कुत्र्यावर बसून नसते. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू चढतं, दोन-चार दिवस रक्त पितं, खाली पडतं, कुठेतरी दडून कात टाकतं, मग आठ पाय घेऊन परत चढतं, परत पितं, परत पडतं, आणि मोठं झालं की तिसऱ्यांदा तेच. मादी आठवडाभर पिऊन एरंडीच्या बीएवढी फुगते, गळून पडते, भिंतीकडे चालत जाते, फटीत शिरते आणि तिथे अंडी घालून मरते. अंडी किती, तर कधीकधी चार हजारांपर्यंत. आपल्या उकाड्यात हे सगळं चक्र दोन-अडीच महिन्यांत उरकतं, आणि कुत्रं मिळालंच नाही तर ती महिनोनमहिने उपाशी वाट बघत बसू शकते. म्हणजे अंगावर चार दिसल्या तर घरात किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा.

आधी कुत्र्याचं उरकून घेऊ, ते सोपं आहे.

अंगावरच्या गोचिडी काढा. कानाच्या घडीत, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात, काखेत, जांघेत, शेपटीखाली. बारीक टोकाचा चिमटा, कातडीच्या अगदी लगत पकड, सरळ आणि सावकाश ओढायचं, पिळायचं नाही, की आली. वाटीत स्पिरिट किंवा साबणाचं पाणी, त्यात टाका. नखाने चिरडू नका, त्या रक्तात काय असेल सांगता येत नाही. रॉकेल, उदबत्तीचा चटका, व्हॅसलिन, खोबरेल तेल यातलं काही लावायचं नाही, कुणाच्याही आजीने सांगितलं असलं तरी.

मग औषध. फ्लुरालानर, अफोक्सोलानर, सारोलानर या घटकांच्या चघळायच्या गोळ्या मिळतात, पहिली साधारण बारा आठवडे चालते, दुसरी महिनाभर, तिसरी पस्तीस दिवस. वजनाप्रमाणेच घ्यायची, मोठ्या कुत्र्याची गोळी तोडून छोट्याला द्यायची नाही. फिट येणारं कुत्रं असेल तर आधी डॉक्टरला सांगा, या गटातल्या गोळ्यांनी झटके येऊ शकतात. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या म्हणजे पुढचा वैताग वाचेल: गोचीड चावल्यावर, रक्तासोबत औषध तिच्या पोटात गेल्यावर ती मरते. म्हणून गोळी दिल्यावरही अंगावर गोचीड दिसणारच. ती दुसऱ्या दिवशी मेलेली, वाळलेली सापडत असेल तर औषध काम करतंय. "लागू पडत नाही" म्हणून आठवड्याभरात वरून दुसरं औषध ओतणारे लोक मी बघितलेत, कृपा करून नको. गुरांवर मारायचं डेल्टामेथ्रिन बादलीत अंदाजपंचे कालवून कुत्र्याला अंघोळ घालणं तर अजिबातच नको. ते अंग चाटतात हो.

टक्कल करायचीपण गरज नाही.

आता घर. माझं सगळ्यात जास्त डोकं याच पायरीवर फिरलंय, आणि सल्ले देणारे नेमकी हीच पायरी "घर स्वच्छ ठेवा" या तीन शब्दांत गुंडाळतात. स्वच्छ म्हणजे काय? लादी दिवसातून दोनदा फिनेलने पुसा, गोचिडीला ढिम्म फरक पडत नाही, कारण ती लादीवर नसतेच. ती वर चढते. ही जात भिंतीवरून वर जाते, आणि आपण खाली वाकून शोधतो.

शोधायचं असं. रात्री दिवे बंद, मोबाइलचा टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरायचा म्हणजे बारकीशी गोष्टसुद्धा लांब सावली टाकते. कुत्रं जिथे झोपतं तिथून सुरुवात. स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लादीला लागून असते त्या पट्टीच्या, वरची कड, मग दाराची चौकट जिथे भिंतीला मिळते ती रेघ, बिजागऱ्या, स्विचबोर्डाची कड (नुसतं बघायचं, तिथे पाणी-फवारा काही नाही), पडद्याच्या रॉडच्या ब्रॅकेटमागे, फोटोफ्रेमच्या पाठीमागे, आणि शेवटी छताचा कोपरा. आमच्याकडे कॅलेंडर दुसरीकडे लावल्यावर खिळ्याचं एक भोक रिकामं राहिलं होतं, त्यातून फक्त पाय बाहेर दिसत होते, चार-पाच जणी एकीला एक लागून आत बसलेल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना बोलवून दाखवलं तर म्हणाल्या, "अगं पावसाचे किडे ते, जातील आपोआप." नाही जात काकू. आणि भिंतीवर तपकिरी धूळ हलतेय असं वाटलं तर ती नुकती फुटलेली पिल्लं आहेत, त्यांना हाताने झटकू नका, रुंद चिकटपट्टी दाबून उचला, पट्टी दुमडा, साबणाच्या पाण्यात टाका.

सापडल्या की व्हॅक्यूम. चपटं निमुळतं तोंड लावून प्रत्येक फट, सोफ्याच्या शिवणी, गादीच्या कडा, आणि सोफा उलटा करून खालचं काळं कापड स्टेपल केलेलं असतं त्याची कड, ती तर नक्कीच. झाल्या झाल्या डबा किंवा बॅग प्लास्टिकच्या पिशवीत रिकामी करून गाठ मारून घराबाहेर, नाहीतर रात्रीत त्या चालत परत येतात. व्हॅक्यूम नसेल तर चिकटपट्टी आणि चिकाटी. कुत्र्याची चादर, टॉवेल, कव्हरं उकळत्या पाण्यात, आणि पावसात वाळत नाही ही रड असतेच, तर दमट असतानाच कडक इस्त्री फिरवा, गरमीने उरलेल्या मरतात. जुनी चटई किंवा उसवलेली गादी असेल तर मोह सोडा आणि फेकून द्या.

त्यानंतर फटी बुजवायच्या, हे काम कोणीच करत नाही आणि माझ्या मते निम्मं यश त्यातच आहे. हार्डवेअरच्या दुकानातून व्हाइट सिमेंट किंवा पुट्टी आणा, खेळायचा जुना पत्ता नाहीतर बोथट सुरी घेऊन स्कर्टिंगवरची रेघ, खिळ्यांची भोकं, चौकटीच्या कडा भरून टाका. आमच्यासारख्या जुन्या बिल्डिंगमध्ये ओल येऊन प्लास्टर सुटलेलं असतं, तिथे थर टाकायच्या आधी पोकळ भाग खरवडून काढा नाहीतर त्याच्या मागे त्यांची चाळ तशीच राहते. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा, पुट्टीला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

पेस्ट कंट्रोल करायचंय? करा, घरभर झाल्यात तर लागतंच. पण तो माणूस झुरळांचा असतो, तो सवयीने सिंकखाली आणि लादीच्या कडेने मारून निघतो. त्याच्या मागे मागे फिरा आणि वर मारायला लावा, चौकटी, पेलमेटच्या फटी, छताचे कोपरे, पलंगाची मागची बाजू. औषधाचं नाव विचारून लिहून घ्या. फिश टँक असेल तर झाका आणि त्याचा एअर पंप बंद ठेवा, फवाऱ्यात पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतील तर ती माशांना लगेच मारतात. कुत्रं, मांजर, लहान मूल सगळं पूर्ण वाळेपर्यंत बाहेर. आणि एकदा मारून थांबायचं नाही, कारण फवाऱ्याने अंडी सहसा मरत नाहीत, ती दोन-तीन आठवड्यांनी फुटतात. तेव्हा दुसरी फेरी, शक्यतो त्यानंतर तिसरी.

आता एक सल्ला जो ऐकून लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. फवारणीच्या वेळचे काही तास सोडले तर कुत्र्याला घरातून हलवू नका. "महिनाभर गावाला पाठवतो, तोवर त्या उपाशी मरतील" हा हिशेब चुकीचा आहे, त्या मरत नाहीत, थांबतात, आणि दुसरं काहीच मिळालं नाही तर तुम्हालाही चावतात. औषध चालू असलेलं कुत्रं घरात फिरत राहिलं की फटीतून निघालेली प्रत्येक गोचीड त्याच्यावर चढते, चावते आणि अंडी घालण्याआधीच मरते. तोच तुमचा सापळा. म्हणून गोळीची तारीख चुकवायची नाही, निदान तीन-चार महिने सलग, मधे "आता दिसत नाहीत" म्हणून बंद केली की परत पहिल्यापासून. खरं तर मुंबईत थंडी अशी नसतेच, मी बारा महिने देते.

जिन्याखाली झोपणारा बिल्डिंगचा कुत्रा असेल तर त्यालाही डॉक्टरला विचारून औषध द्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याला हाकलायची भाषा होते, पण तो गेला तरी जिन्यातल्या गोचिडी कुठे जाणार, त्या दाराखालून तुमच्याकडेच येतील.

घरात मांजर असेल तर हे दोनदा वाचा. कुत्र्याचं परमेथ्रिनचं औषध मांजरीला लावायचं नाही, एक थेंबसुद्धा नाही, अंग थरथरतं, फिट येते, जीव जातो. कुत्र्याच्या मानेवर तसलं औषध टाकलं असेल तर ते वाळेपर्यंत दोघांना वेगळ्या खोलीत ठेवा, एकमेकांना चाटायची सवय असेल तर ते औषध वापरूच नका. अमिट्राझ हे गोचिडीचं दुसरं औषध, तेसुद्धा मांजरीला नको. मांजरीसाठी वेगळी औषधं मिळतात.

आणि कुत्रं दोन जेवणं सोडून कोपऱ्यात पडून राहिलं, अंग तापलं, हिरड्या पांढरट पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी कॉफीसारखी गडद झाली तर घराची साफसफाई राहू दे, त्याच दिवशी डॉक्टर. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडीतून येणारे ताप आहेत, प्लेटलेट झपाट्याने पडतात, अंदाजाने औषध देण्यापेक्षा रक्त तपासून घ्या, स्मिअर (काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती) आणि सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी). परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, जवळचा चांगला डॉक्टर असेल तर उत्तमच. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे चालतं आणि तिसऱ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं म्हणून सोडायचं नाही. माणसाला गोचीड चावली आणि नंतर ताप, पुरळ आलं तर आपल्या डॉक्टरलाही गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, नाहीतर पावसाळ्यात सगळे आधी डेंग्यूच शोधत बसतात.

पेस्ट कंट्रोलवाल्याला तिन्ही फेऱ्यांचे पैसे एकदम आधी देऊ नका. दुसऱ्या फेरीला फोन उचलत नाहीत.